मॅन्युअल ॲक्शन लागली आहे आणि हंगाम दोन महिन्यांवर आलाय – यातून बाहेर पडलेलं कोणी आहे का?

सड्यावरची | २० जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

देवगड तालुक्यात आमची साडेतीनशे कलमं आहेत, बहुतेक सासऱ्यांनी लावलेली. आठ वर्षांपूर्वी मी आणि नवऱ्याने स्वतःची वेबसाइट केली आणि मुंबई-पुण्याच्या घरांत थेट पेट्या पाठवायला लागलो. वाशीला जाणारा माल निम्म्यावर आला. गेल्या हंगामात साडेसातशे पेट्या साइटवरूनच गेल्या.

जूनमध्ये एका एजन्सीचा फोन आला. महिना ८,००० रुपये, सहा महिन्यांत पहिल्या पानावर. हापूसची साइट शोधात वर आली तर काय हवंय, म्हणून हो म्हटलं. दिवाळीपर्यंत खरंच वर आलो. आणि ११ जानेवारीला सकाळी पाहिलं तर आम्ही कुठेच नाही. आमच्या बागेचं नाव जसंच्या तसं टाकलं तरी तिसऱ्या पानावर. साइटमालकांसाठी गूगलचं सर्च कन्सोल म्हणून साधन असतं, त्यात मॅन्युअल ॲक्शनखाली निरोप आहे : 'तुमच्या साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंक्स'.

एजन्सी म्हणते, नवीन डोमेन म्हणजे साइटचा नवा पत्ता घ्या, आम्ही पुन्हा वर आणतो, त्याचे पैसे वेगळे. इकडे साइटचा पत्ता छापलेली दोन हजार खोकी पडवीत रचून ठेवली आहेत. मोहोर चांगला आहे यंदा. पाडव्यापासून बुकिंग सुरू होतं. तोवर यातून सुटता येतं का? कोणी सुटलंय का?

---

वेबकारागीर | २० जानेवारी, रात्री ११:०५

ताई, आधी एक श्वास घ्या. तुम्हाला निरोप मिळालाय ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे.

लोक सगळ्यालाच 'पेनल्टी' म्हणतात, पण दोन वेगळे प्रकार आहेत. एक, मॅन्युअल ॲक्शन, जिथे गूगलच्या माणसाने तुमची साइट पाहून नियम मोडलाय असं ठरवलं. त्याची नोंद सर्च कन्सोलमध्ये दिसते, कारण लिहिलेलं असतं आणि दुरुस्ती करून फेरविचाराची विनंती करता येते. दुसरा, जिथे अल्गोरिदम, म्हणजे गूगलचं साइटींचा क्रम लावायचं गणित, बदलला आणि तुम्ही खाली गेलात. तिथे निरोप नाही, अर्ज नाही, खिडकी नाही. मी बारा वर्षं पुण्यात हेच काम करतोय. रोज कोणीतरी 'पेनल्टी लागली' म्हणत येतं आणि बहुतेकदा प्रकार दुसरा निघतो.

तुमचा पहिला आहे, म्हणजे दार आहे. आता असं करा. दुसऱ्या साइटींवरून तुमच्याकडे येणारी लिंक गूगल शिफारस म्हणून मोजतं, म्हणून एजन्सीने त्या खोट्या लावल्या. सर्च कन्सोलच्या लिंक्स अहवालातून सगळ्या बाहेरच्या लिंक्स उतरवून घ्या. एकेक साइट पाहा. जी एजन्सीने लावली असेल तिला काढून टाका म्हणून मेल करा आणि त्या मेलची तारीख वहीत लिहून ठेवा. एजन्सीकडूनही यादी मागा, पैसे दिलेत, तुमचा हक्क आहे. ज्या निघणार नाहीत त्यांची डिसअव्हाव फाइल करायची, म्हणजे 'या लिंक्स माझ्या खात्यात धरू नका' असं सांगणारी साधी टेक्स्ट फाइल. मग विनंती. ॲक्शन पूर्ण साइटवर आहे की काही पानांवर, तेवढं सांगा.

---

सड्यावरची | २० जानेवारी, रात्री ११:३१

पूर्ण साइटवर. आभारी आहे. आज झोप लागेल.

---

संत्राबर्फी | २१ जानेवारी, सकाळी ८:२०

मी नागपुरात कपड्यांचं ऑनलाइन दुकान चालवतो. माझं मत वेगळं आहे. अर्जविनंत्यांत दोन महिने जातील आणि आंबा थांबणार नाही. कोणीतरी सोडून दिलेलं पण जुनं, नावाजलेलं डोमेन विकत घ्या, त्यावर साइट टाका, जुन्यावरून रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता टाकणारा आपोआप नव्यावर जाईल. खोक्यांवर स्टिकर चिकटवा.

---

वेबकारागीर | २१ जानेवारी, सकाळी ९:०२

संत्राबर्फी, यात दोन खड्डे आहेत. जुन्यावरून नव्यावर रीडायरेक्ट लावलं की त्या खोट्या लिंक्सही वरातीसारख्या मागोमाग येतात. आणि दुसऱ्याने कमावलेल्या जुन्या डोमेनवर असंबंधित दुकान थाटणं मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात नावानिशी आलंय. एका दंडातून सुटायला दुसऱ्याच्या दारात जाऊ नये.

---

संत्राबर्फी | २१ जानेवारी, सकाळी ९:४०

रीडायरेक्टचं मान्य. पण रीडायरेक्ट न लावता कोरं डोमेन? निदान हंगाम तरी निघेल.

---

वेबकारागीर | २१ जानेवारी, सकाळी ९:५५

कोऱ्या डोमेनला दोन महिन्यांत कोण ओळखणार? आठ वर्षांत ज्यांनी खऱ्याखुऱ्या लिंक्स दिल्या त्यांची पुण्याई पण जाते.

---

फोडणीची_पोळी | २१ जानेवारी, दुपारी २:१५

वेबकारागीर यांनी सांगितलेला दुसरा प्रकार माझ्या नशिबी आला, म्हणून लिहिते. सड्यावरची, तुमच्यासाठी नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी.

माझा पाककृतींचा ब्लॉग. २०१२ पासून. सप्टेंबर २०२३ मध्ये 'उपयुक्त मजकूर' नावाचं अपडेट आलं आणि ऑक्टोबर संपेपर्यंत दिवसाला सहा हजार वाचक होते ते नऊशेवर आले. सर्च कन्सोल उघडलं की मॅन्युअल ॲक्शनसमोर हिरवी खूण, काहीही अडचण नाही. कोणाला विचारायचं? काय चुकलं ते कोण सांगणार? आजारी माणसाचे सगळे रिपोर्ट नॉर्मल यावेत तसं.

शेवटी एका रविवारी माझीच पानं परक्यासारखी वाचायला बसले. साबुदाण्याची खिचडी, मग 'उपवासाची खिचडी', मग 'मोकळी साबुदाणा खिचडी कशी करावी', मग 'खिचडी चिकट होऊ नये म्हणून'. चार पानं, कृती एकच. प्रत्येक पानावर साबुदाणा भिजवायच्या आधी माझं सहाशे शब्दांचं पुराण. कोणीतरी सांगितलं होतं की लांब लिहिलं की वर येतं. माझी आई म्हणायची, कृती विचारणाऱ्याच्या हातात भांडं असतं, त्याला गोष्ट सांगू नये. ते मी विसरले होते.

चारशे चाळीस पानांची दोनशे दहा केली. साबुदाणा किती भिजला की दाबून बघायचा, दाण्याचा कूट कधी घालायचा, हे आधी आणि बाकीचं खाली. वर्षभर आलेख हलला नाही. आता रोजचे अडीच हजार आहेत. सहा हजार परत येतील असं वाटत नाही, पण आता पानं मला स्वतःला आवडतात.

---

थेम्सकाठ | २१ जानेवारी, संध्याकाळी ६:४८ (इंग्लंडची दुपार)

सड्यावरची, तुमच्यासारखीच हंगामाच्या तोंडावरची गोष्ट इकडे घडली होती. फेब्रुवारी २०१३. इंटरफ्लोरा ही इकडची मोठी फूलविक्री कंपनी. व्हॅलेंटाइन डे नुकताच झालेला, मदर्स डे तीन आठवड्यांवर, आणि गूगलवर 'फुलं' टाकलं तर नाही, कंपनीचं स्वतःचं नाव टाकलं तरी नाही. कारण तेच. प्रादेशिक वृत्तपत्रांच्या साइटींवर पैसे देऊन छापलेले लेख आणि त्यात लपवून पेरलेल्या लिंक्स. ज्या वृत्तपत्रांनी ते छापले त्यांचीही पत उतरवली गेली. साफसफाई करून अकरा दिवसांत कंपनी परत आली, मदर्स डेच्या आधी.

---

फोडणीची_पोळी | २१ जानेवारी, संध्याकाळी ७:१०

अकरा दिवस! आणि मी वर्षभर.

---

रेघोट्या | २१ जानेवारी, रात्री ९:३३

फोडणीताई, माझा नेमका मुद्दा हाच आहे. मोठ्यांची उदाहरणं काढा. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूच्या जर्मन साइटने शोधयंत्राला एक पान आणि माणसाला दुसरंच दाखवलं, यादीतून काढली, काही दिवसांत परत. रॅप जीनियसने ब्लॉगवाल्यांना 'आमच्या लिंक्स टाका, आम्ही तुमचं ट्वीट करू' असा सौदा दिला. २०१३ च्या नाताळाच्या दिवशी गायब, दहा दिवसांत परत. ज्यांच्याकडे माणसं, पैसा आणि बातमी करणारे पत्रकार आहेत त्यांची सुटका दिवसांत. छोट्यांनी काय करायचं?

गूगलचं पेंग्विन नावाचं अपडेट आठवतंय का कोणाला? २४ एप्रिल २०१२ ला आलं. ज्यांनी खोट्या लिंक्स केल्या होत्या ते पडले, ठीक. पण पडलेल्याने सगळं साफ केलं तरी पुढची आवृत्ती येईपर्यंत वर यायची सोय नव्हती. ऑक्टोबर २०१४ नंतरची आवृत्ती आली थेट सप्टेंबर २०१६ मध्ये. जवळजवळ दोन वर्षं! माझ्या मित्राचं फर्निचरचं दुकान त्या दोन वर्षांत बंद झालं. त्याने चूक केली होती, मान्य आहे. पण चूक सुधारल्यावरही शिक्षा किती काळ, हे कोणीच सांगत नव्हतं.

---

वेबकारागीर | २१ जानेवारी, रात्री १०:०१

रेघोट्या, पेंग्विनच्या त्या दोन वर्षांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आम्ही ग्राहकांना रोज 'अजून थोडं थांबा' सांगायचो आणि स्वतःलाच वाईट वाटायचं. २०१६ पासून पेंग्विन सतत चालतं आणि बहुतेक खोट्या लिंक्स नुसत्या दुर्लक्षित होतात, एवढी सुधारणा झाली. फक्त एक नोंद : जानेवारी २०१२ मध्ये गूगलने स्वतःच्या क्रोम ब्राउझरचं पान पैसे देऊन लिहवलेल्या लेखांमुळे साठ दिवस खाली टाकलं होतं. नियम घरच्यांनाही लावल्याचं ते एक उदाहरण.

---

थेम्सकाठ | २१ जानेवारी, रात्री १०:४४

रेघोट्यांच्या बाजूने आणखी एक. फाउंडेम नावाची किमतींची तुलना करणारी छोटी ब्रिटिश साइट, एक नवरा-बायको चालवत होते. २००६ मध्ये सुरू झाली आणि काही दिवसांतच गूगलवर खाली ढकलली गेली. ते दोघं वर्षानुवर्षं लढले. त्यांच्या तक्रारीतून पुढे युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये गूगलला २.४२ अब्ज युरो दंड केला, स्वतःची शॉपिंग सेवा वर दाखवून इतरांना खाली टाकल्याबद्दल. सप्टेंबर २०२४ मध्ये तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. अठरा वर्षं.

---

रेघोट्या | २१ जानेवारी, रात्री १०:५९

आणि आपल्याकडे २०१८ मध्ये स्पर्धा आयोगाने शोधातल्या पक्षपाताबद्दल १३५.८६ कोटींचा दंड केला होता. म्हणजे हे नुसतं रडगाणं नाही.

---

आवळेसुपारी | २२ जानेवारी, सकाळी ७:०५

मंडळी, चर्चा ब्रुसेल्सला पोचली, ताईंचा आंबा देवगडातच आहे :)

---

ग्रंथघर | २२ जानेवारी, सकाळी ११:२०

थोडं अवांतर, पण कामाचं. आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची छोटी साइट आहे, मी निवृत्त शिक्षक, ती सांभाळतो. दीड वर्षापूर्वी एका सभासदाने विचारलं, 'सर, वाचनालय जपानी झालं का?' गूगलवर आमचं नाव टाकलं तर खाली सगळी जपानी अक्षरं, बुटांच्या आणि पर्सच्या जाहिराती. साइट उघडावी तर नेहमीसारखी, दिवाळी अंकांची यादी जागच्या जागी. त्यामुळे आठवडाभर मला वाटलं, गूगलचीच काही गफलत आहे.

पुतण्याने शोधून काढलं. दोन वर्षं अद्ययावत न केलेल्या एका प्लगिनमधून कोणीतरी आत शिरला होता. माणसाला वेगळं आणि गूगलला वेगळं दाखवत होता. आमच्या सर्च कन्सोलमध्ये तर स्वतःला मालक म्हणून लावून घेतलं होतं! आधी त्याची पडताळणीची फाइल काढली, मग जुन्या बॅकअपवरून साइट उभी केली, सगळे पासवर्ड बदलले. सुरक्षेच्या अडचणींचा विभाग मॅन्युअल ॲक्शनहून वेगळा असतो, तिथून तपासणीची विनंती केली.

तेव्हा सगळ्यांनी आपल्या साइटच्या मालकांची यादी महिन्यातून एकदा बघावी. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं की तिथेच थांबा.

---

वेबकारागीर | २२ जानेवारी, सकाळी ११:४८

काका, +१००. हे प्रत्येकाने आजच करा.

---

सड्यावरची | २९ जानेवारी, रात्री ११:५०

आठ दिवस झाले, रोज रात्री जेवणं आटोपली की बसतेय. एजन्सीने यादी दिली नाही, फोनच उचलत नाहीत. सर्च कन्सोलमधून काढल्या तर १,१४० साइटी. त्यातल्या ओळखीच्या जेमतेम सत्तर.

बाकीच्यांत जुगाराच्या साइटी, परदेशी वॉलपेपरच्या साइटी, कोणाच्या तरी बंद पडलेल्या ब्लॉगखालच्या प्रतिक्रिया. प्रत्येक ठिकाणी निळ्या अक्षरांत तेच 'देवगड हापूस आंबा ऑनलाइन'. एका पानावर लिहिलंय, 'आमच्याकडे ताजा देवगड हापूस बारा महिने मिळतो.' हे वाचून मी उठून पडवीत गेले. बारा महिने! सासरे ऑक्टोबरपासून मोहोराची वाट बघतात, थंडी पडली नाही तर त्यांना झोप नाही, तुडतुडा आला की पंपाच्या आवाजाने घर जागं असतं. आमच्या नावावर हे खोटं साठ ठिकाणी लिहिलंय आणि त्याचे पैसे आम्ही दिलेत.

रँकिंगचं दुःख होतंच. हे जास्त लागलं.

आता प्रश्न : डिसअव्हाव फाइल चढवते तर प्रत्येक ओळीला चूक दाखवतं. शिवाय आधी यादीत आमची प्रॉपर्टीच, म्हणजे सर्च कन्सोलमधली आमच्या साइटची नोंदच, दिसत नव्हती.

---

सुरवंट | ३० जानेवारी, सकाळी ६:४०

मला एक विचारायचंय. गूगलच म्हणतं की बहुतेक साइटींना डिसअव्हाव लागत नाही, ते आपोआप दुर्लक्ष करतात. मग ताईंना एवढ्या रात्री का जागवताय? प्रतिस्पर्ध्याने कोणाच्याही नावावर अशा लिंक्स लावल्या तर प्रत्येकाने याद्या करत बसायचं का?

---

वेबकारागीर | ३० जानेवारी, सकाळी ८:३०

सुरवंट, ज्याला ॲक्शन लागलेली नाही त्याने त्या फाइलला हात लावू नये. उगाच चांगल्या लिंक्स मारून बसलेले पाहिलेत. पण इथे माणसाने बघून ॲक्शन लावली आहे आणि लिंक्स पैसे देऊन लावल्यात. तिथे 'आपोआप होईल' चालत नाही, काय केलं ते दाखवावं लागतं.

ताई, प्रॉपर्टीचं : ते साधन 'डोमेन' प्रकारच्या प्रॉपर्टीला चालत नाही, पूर्ण पत्त्याची वेगळी प्रॉपर्टी जोडावी लागते. ती तुम्ही जोडली असणार म्हणून पुढे गेलात. फाइलची एक ओळ इथे चिकटवा.

---

सड्यावरची | ३० जानेवारी, सकाळी ८:५२

फोटो टाकलाय. 'डोमेन' इंग्रजीत, दोन टिंबं, मग साइटचं नाव. सगळ्या ओळी तशाच आहेत.

---

ग्रंथघर | ३० जानेवारी, सकाळी ९:१०

ताई, फोटो मोठा करून पाहिला. ती दोन टिंबं इंग्रजी कोलन नाहीत, विसर्ग आहे! मराठी कळफलक चालू राहिला असणार. चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांत 'दुःख'चा विसर्ग तपासलाय, नजर जाते.

---

सड्यावरची | ३० जानेवारी, सकाळी ९:३४

काका!!! झालं. एका झटक्यात सगळ्या विसर्गांचे कोलन केले, फाइल घेतली. पाया पडते.

---

आवळेसुपारी | ३० जानेवारी, सकाळी ९:४०

दुःखातला विसर्ग काढला, आता फक्त सुख.

---

सड्यावरची | २१ फेब्रुवारी, रात्री ९:१५

पहिली विनंती नाकारली. नमुन्यादाखल तीन लिंक्स दिल्यात. दोन एजन्सीच्या, माझ्या नजरेतून सुटलेल्या. तिसरी पाहून मी गप्प बसले. ती एजन्सीची नाही. तीन वर्षांपूर्वी एका साइटवर मीच २,५०० रुपये देऊन आमच्या बागेवर लेख छापून आणला होता. लेखातला शब्दन्‌शब्द खरा आहे, फोटो सासऱ्यांचा आहे. पण पैसे दिले होते आणि तसं कुठे लिहिलेलं नाही.

---

वेबकारागीर | २१ फेब्रुवारी, रात्री ९:५०

लेख ठेवा, लिंकला 'प्रायोजित' ही खूण लावून घ्या त्या साइटवाल्यांकडून. २०१९ पासून ती वेगळी खूण आहेच. पैसे देऊन लेख छापणं गुन्हा नाही, तो कमावलेली शिफारस म्हणून मोजला जाणं चूक. आणि दुसऱ्या विनंतीत एजन्सीवर ढकलू नका. काय झालं, तुम्ही काय केलंत, किती मेल पाठवलेत, किती निघाल्या, आणि हा लेख तुम्हीच छापवला होता, हे सरळ लिहा. वाचणारं माणूस असतं.

---

रेघोट्या | २१ फेब्रुवारी, रात्री १०:२०

ताई, रागावू नका स्वतःवर. तोवर जुन्या ग्राहकांचे नंबर आहेत ना? शोधाच्या भरवशावर थांबू नका.

---

सड्यावरची | २२ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

आठ वर्षांच्या बिलबुकांतून नंबर उतरवायला घेतलेत. मुलगी वाचून दाखवते, मी लिहिते. खऱ्या लिंक्स त्याच.

---

सड्यावरची | १३ मार्च, दुपारी १:०५

निरोप आला. मॅन्युअल ॲक्शन मागे घेतली आहे.

दुसऱ्या विनंतीत सगळं लिहिलं. २१२ मेल, त्यातल्या ३८ साइटींनी लिंक काढली, बाकी फाइलमध्ये. लेखाचंही लिहिलं. सासऱ्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, 'हा लेख तूच छापवलेलास ता लिहिलंस ना? मग झाला.'

आता आमच्या बागेचं नाव टाकलं की पहिले आम्हीच. 'देवगड हापूस' टाकलं तर दुसऱ्या पानावर कुठेतरी. दिवाळीत होतो तिथे नाही.

---

वेबकारागीर | १३ मार्च, दुपारी १:४०

अभिनंदन ताई! दिवाळीची जागा त्या खोट्या लिंक्सनी दिली होती, ती परत यायची नाही. एजन्सी येण्याआधी, जूनमध्ये कुठे होतात, त्याच्याशी तुलना करा. आणि ती फाइल काढू नका, तशीच राहू द्या.

---

सड्यावरची | १३ मार्च, दुपारी २:१०

जूनमध्येही दुसऱ्या पानावरच होतो. आत्ता पाहिलं.

फोनवरून आतापर्यंत १८४ पेट्यांचं बुकिंग झालंय. पहिली तोड एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. ग्रंथघर काका, तुमचा पत्ता निरोपातून कळवा, वाचनालयासाठी एक पेटी माझ्याकडून.

---

ग्रंथघर | १३ मार्च, दुपारी ३:००

पेटी घेईन, पण पैसे देऊन. आणि बिल वाचनालयाच्या नावाने करा, आमच्याकडे लेखापरीक्षण असतं.